हळदीच्या गाण्याचं पहिलं कडवं

उन्हाळ्यात लग्नसराई लागली की आमच्या पांढरकवड्यात रोज कुठून ना कुठून ते गाणं ऐकू येतं. हळदीच्या मांडवातून, वरातीपुढच्या डीजेच्या गाडीवरून, मोबाइलच्या दुकानातून. बायकांना ते पाठ आहे, लहान पोरं त्यावर रील करतात. गाणं म्हणजे चारच ओळी, त्याच फिरून फिरून, आणि खाली छातीत धडका मारणारा ठेका. ते कोणी लिहिलं, कोण गातं, हे नाचणाऱ्यांतल्या कोणालाच ठाऊक नसतं.

मूळ गाणं चार कडव्यांचं आहे. उरलेली तीन कडवी मी कापली. चुकून नाही, कोणाच्या दबावाखालीही नाही. जिचं गाणं होतं तिने ‘अर्धं वाजवायचं नाही’ म्हणून बजावलेलं असताना, दुपारच्या वेळी, शांत डोक्याने कापली. पैशासाठी कापली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. पैसे मिळाले नाहीत आणि मी मागितलेही नव्हते.

माझं काम रेकॉर्डिंगचं. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. पुढे गुडघे दुखायला लागले, रात्रीची जागरणं झेपेनात, म्हणून घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन माइक, आणि चारही भिंतींना जिनिंगमधल्या रद्दी कापसाच्या शिवून घेतलेल्या गाद्या. कापूस आवाज पितो. पण शेजारच्या पिठाच्या चक्कीचा आवाज त्यालाही पिता यायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे काम उलट्या रीतीने चालतं. वीज गेली की चक्की बंद पडते आणि मग आम्ही इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग सुरू करतो. भारनियमन हा आमचा कामाचा वेळ. ऑटोवर फिरवायच्या प्रचाराच्या घोषणा, शिकवणी वर्गाच्या जाहिराती, भंडाऱ्याची आमंत्रणं, नवरात्रात देवीची गाणी, हे सगळं त्या तास-दोन तासांत उरकायचं.

ती पहिल्यांदा आली ती अशाच एका दुपारी. पाठीला गिटार, पायात शाळेतल्या बाईंसारख्या साध्या चपला. ती इथल्या एका खासगी शाळेत शिकवायची. नागपूरच्या हॉस्टेलात असताना गिटार शिकली होती.

“भाऊ, माह्ये आठ गाणे हायेत. लिहिलेले बी माह्येच, चाल बी माहीच. रेकॉर्ड करून द्याल काय?”

“कोणत्या देवीचे?” मी विचारलं. मला खरंच तेवढंच सुचलं.

ती हसली. “देवीचे नाही जी. माणसायचेच हायेत.”

“म्हणजे भावगीतं?”

“पॉप म्हना.”

“वऱ्हाडीत पॉप?”

“काहून? वऱ्हाडी मानसाले कान नाहीत काय?”

त्या दिवशी तिने दोन गाणी नुसती ऐकवली. एक बसस्टँडवरच्या घोषणांचं होतं, एक तिच्या आईच्या स्कूटीचं. मी तीस वर्षं गाणी वाजवली, पण आमच्या बसस्टँडवर गाणं होऊ शकतं असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, करू. घाई करू नको, वीज जाईल तसं करू.

आठ गाण्यांना तीन महिने लागले. तिला गिटार वाजवत वाजवतच गायचं होतं. मी ऐकलं नाही. आधी गिटार, मग आवाज वेगळा, हा माझा शिरस्ता. वेगळं घेतलं की पुढे दुरुस्त करता येतं, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, “मले दुरुस्त नाही कराचं ना भाऊ.” पण शेवटी माझं ऐकलं.

पाचवं गाणं हळदीचं. ते घ्यायच्या आधी ती गादीला पाठ टेकून खाली बसली आणि मला सगळं सांगितलं.

तिचे वडील वनखात्यात कारकून होते. दोघी बहिणी शाळेत असतानाच ते गेले. आई त्यांच्या जागी अनुकंपावर लागली. सकाळी डबे भरून स्कूटीवर ऑफिसला जायची, दोघींना तिनेच वाढवलं. मोठीचं लग्न ठरलं तेव्हा सगळा खर्च, सगळी धावपळ आईची. हळदीच्या दिवशी आई ताट घेऊन पुढे झाली आणि आत्याने ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं. विधवेने हळद लावायची नसते. आई काही बोलली नाही. पाहुण्यांच्या चहाचं बघायला आत निघून गेली. दुसऱ्याच वर्षी बाभुळगावच्या पलीकडे, सासरी, मोठी बहीण तापाने गेली. चार दिवसांचा ताप. नवरा जिवंत असताना गेली म्हणून रीतीप्रमाणे तिला पुन्हा हळद लावली, नवं लुगडं नेसवलं. तिथेही आई लांबच उभी होती.

“म्हणून मी काय केलं भाऊ,” ती म्हणाली, “गाण्यात आईच्या हातानं हळद लावून देल्ली.”

पहिलं कडवं असं होतं:

हळद लागली बाई, हळद लागली,
मायच्या हाताची बाई, हळद लागली.
आरसा आना बाई, मले पाहू द्या,
राहिलं कपाळ, माय, तिथं लावू द्या.

चाल अगदी मांडवातली. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा अशी. दुसऱ्या कडव्यात सासरी नखांवरची हळद उतरत जाते. तिसऱ्यात दुसरी हळद येते, गाल थंड लागतात, आरसा कोणी आणत नाही. आणि चौथ्यात ती खरं सांगून टाकते:

खोटं बोलली मी बाई, माय दूर होती,
ताट उचललं तिचं, ते चूप होती.
दोनदा हळद लागली मायबिगर,
एक बोट नाही तिचं पोरीच्या अंगावर.

“पहिल्या कडव्यात मी खोटं बोलते, चौथ्यात कबूल करते,” ती म्हणाली. “मधातूनच कोनी उठून गेलं तर मी खोटारडी ठरते. म्हणून हे गाणं अर्धं कुठीच वाजवायचं नाही. अन् आईनं अजून ऐकलं नाही. मी स्वतः घरी बसून गाऊन दाखवीन तिले. हिंमत झाली का.”

मी मान हलवली. “अर्धं नाही वाजणार,” असं म्हटलंसुद्धा.

त्या दिवशी तिने ते सलग तीनदा गायलं. पहिल्यांदा गायली तेव्हा बोलून मोकळी झाल्यामुळे असेल, पहिलं कडवं फार हलकं, आनंदात आलं. ‘माय’ म्हणताना आवाज जरासा वर उडाला. तिसऱ्या वेळचं जड होतं. अल्बमसाठी आम्ही तिसरं घेतलं. पहिलं माझ्या कॉम्प्युटरवर पडून राहिलं.

अल्बम नेटवर चढला त्या आठवड्यात तिने मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. खुर्च्या शंभर, माणसं चाळीसेक, त्यातली निम्मी तिच्या शाळेची. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. आपल्या भागातल्या पोरीबाळी आता गिटार वाजवून राह्यल्या ही अभिमानाची गोष्ट आहे, असं बोलले आणि पहिलं गाणं संपायच्या आत दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. पहिल्या रांगेत तिची आई होती. फिकट निळी साडी, मांडीवर पर्स, पाठ ताठ. स्कूटीच्या गाण्याला लोक हसले तेव्हा तीही ओठ मिटून हसली. मुलीने त्या दिवशी हळदीचं गाणं गायलं नाही. आईचा फोन बटणांचा, नेटवर ती ऐकणार नव्हती; शाळेला सुट्या लागल्या की घरी गाऊन दाखवीन, असं मला म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पानावर बातमी आली. फोटो प्रमुख पाहुण्यांचा होता. तिचा हात आणि गिटारचा कोपरा दिसत होता. नेटवर जे थोडे अभिप्राय आले त्यांत एकाने लिहिलं होतं, आवाज गोड आहे, भाषा जरा शुद्ध ठेवली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्याने फक्त अंगठा. शाळेतले एक सर तिला म्हणाले, “मॅडम, आठच्या आठ गाणे रडके. नाचाचं एक बी नाही?” मामी म्हणाली, गाण्याची हौस झाली, आता लग्नाचं पाहा. ऐकणाऱ्यांचा आकडा तीन अंकांत जाऊन तिथेच बसला. ती रोज तो पाहायची आणि मीही पाहायचो. ती तो पाहून हसण्यावारी न्यायची. मला मात्र ते जमत नव्हतं.

इथे मला माझ्याबद्दल खरं लिहिलं पाहिजे. त्या अल्बमवर माझा जीव होता, पण त्या जिवात अर्धा स्वार्थ होता. तीस वर्षं मी दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या लग्नात वाजवली. त्या गाद्यांच्या खोलीतून काहीतरी बाहेर जावं, चार गावांनी ऐकावं, एवढी एक इच्छा उरली होती. माझ्या नजरेत ते अपयश तिचं नव्हतं, माझं होतं.

अशात एक दिवस डीजे आला. माझ्याकडेच मिक्सरची बटणं शिकलेला, आता स्वतःची गाडी असलेला, तिशीतला माणूस. चैत्रातल्या नवरात्राच्या गाण्यांचं काही काम होतं. चक्की चालू होती म्हणून आम्ही नुसते बसलो होतो. मी त्याला अल्बम ऐकवला. हळदीच्या गाण्याला तो सरसावून बसला.

“दादा, बाईचा आवाज कडक हाय! पन मांगं ते गिटार टुंग टुंग करून राह्यली. मले नुसता आवाज द्या.”

“पूर्ण गाणं आहे ते. पुढं वेगळं आहे.”

त्याने पुढचं ऐकलं. तिसऱ्या कडव्याला तोंड वाकडं केलं. “हे मांडवात लावलं तर लोकं मले मारतीन. सुरवातीचं द्या फक्त.”

“अर्धं द्यायचं नाही म्हणून तिनं बजावलंय.”

“पूर्ण गाणं कोन ऐकते दादा आता? चार ओळी ऐकतीन, आवडल्या तर बाकीचं शोधतीन. नाव होईन तिचं. मी गाण्यात अल्बमचं नाव बोलतो ना, टेन्शन नका घेऊ.”

मी त्याला उद्या ये म्हटलं. म्हणजे विचार करायला माझ्याजवळ अख्खा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मी फाइल उघडली. तिसऱ्या वेळचं जड वाटलं म्हणून पहिल्या वेळचं घेतलं, ते उडतं, आनंदाचं. चौथ्या ओळीनंतर तिने श्वास घेतला होता. पुढचं कडवं सुरू करायला घेतलेला श्वास. ओळ साफ संपावी म्हणून मी तोही काढला.

गाणं महिन्याभरात सगळीकडे गेलं. अल्बमचं नाव त्यात कुठेच नव्हतं. डीजेने स्वतःचं नाव दोनदा ओरडलं होतं. ते ऐकून बाकीचं गाणं कोणी शोधलं नाही. आणि तरी, बाजारातून जाताना पहिल्यांदा ते एका मांडवातून कानावर आलं तेव्हा मी सायकल थांबवून उभा राहिलो. मला बरं वाटलं. आवाज कसा स्वच्छ आलाय, असं मनात आलं. हेही लिहून ठेवतो.

दोन दिवसांनी ती आली. बसली नाही.

“भाऊ, हे कोनं केलं?”

मी म्हणालो, “नेटवरून उचलतात पोरं. आता तर मशीनं निघाली आहेत, गाण्यातून नुसता आवाज वेगळा काढतात. कोणाकोणाला धरणार?”

तिने माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, “अर्धंच हाय ते.”

“होय ना,” मी म्हणालो. “वाईट झालं.”

ती निघून गेली. घरी आईला लवकर गाऊन दाखव, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. तेही सुचलं नाही.

आईच्या भाच्याचं लग्न केळापूरजवळच्या गावी होतं. शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून आई एकटीच गेली. हळद दुपारची. आई नेहमीप्रमाणे मागच्या खुर्च्यांवर बसली होती. डीजेने ते गाणं लावलं. भावजय ओरडली, “वन्सं, तुमच्या पोरीचा आवाज!” आई उठून पुढे आली. पुढचं मला मुलीनेच सांगितलं, तिला मामेबहिणीने सांगितलं होतं. आई म्हणे हसत होती. लोक तिच्याकडे वळून पाहत होते, तिच्या लेकीच्या गाण्यावर सगळा मांडव नाचत होता. मग शब्द कानावर पडले. ओळी फिरून फिरून येत होत्या. मायच्या हाताची, मायच्या हाताची.

नात्यातली एक बाई पुढे झाली. “काहो, पोरगी तर मायच्या हाताची हळद म्हनते. तुम्ही लावली होती काय? आम्हाले तर सांगतलं होतं का लावू देल्ली नाही.”

दुसरी म्हणाली, “लावली असन तं मंग म्हनूनच...” आणि थांबली.  मोठी लेक दुसऱ्याच वर्षी गेली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

आई लग्नाला थांबली नाही. मिळेल त्या गाडीने घरी आली. त्या दिवसापासून तिने मुलीशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, ऑफिसला जायची. मुलीने दोनदा गाणं पूर्ण ऐकवायचा प्रयत्न केला, तर आई उठून बाहेर जाऊन उभी राहिली. आठवड्याने मुलीने नेटवरून अल्बम काढून टाकला. आठच्या आठ गाणी. गिटार तिने शाळेतल्या एका मुलीला देऊन टाकली.

हे सगळं सांगायला ती माझ्याकडे आली होती. चक्की चालू होती, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती, आणि मोठ्याने बोलताना रडता येत नाही. मी ऐकत राहिलो. “मी त्या डीजेशी बोलतो,” असं म्हणालो. म्हणजे पुन्हा खोटं.

त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, “त्या पोरीले सांगतलं काय तुम्ही?”

“काय?”

“का हे गाणं आपल्या घरातून गेलं म्हणून.”

मी ताटातच हात धुतला. ती म्हणाली, “चक्की बंद असली का मले स्वयंपाकघरात सगळं ऐकू येते. पहिल्या बारीनं ते असंच गायली होती, ‘माय’ वर नेऊन. मांडवात ऐकलं अन् म्या वळखलं. मले वाटे तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल.”

तरी मला आणखी सोळा-सतरा दिवस लागले. त्या दिवसांत मी काय करत होतो, तर मनात वाक्यं जुळवत होतो. ज्यात मी थोडा कमी वाईट दिसेन अशी वाक्यं.

एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ती फाटकातच भेटली, कुंड्यांना पाणी घालत होती. जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, “ते मीच दिलं. कापलं पण मीच.”

तिने नळी कुंडीतच धरून ठेवली. पाणी वरून वाहायला लागलं.

“मले मालूम हाय भाऊ. ते पहिल्या बारीचं हाय. अल्बममध्ये ते नव्हतंच. तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं.” मग म्हणाली, “माहा आवाज हाय, मले नाही समजन काय?”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं होतं ना. पहिल्याच दिवशी.”

 तिने नळ बंद केला. मी म्हणालो, “आईंना मला सांगू दे.”

“सांगा. माह्याशी तं बोलत नाही ते. तुमच्याशी बोलन बिचारी, पाहुने आहा तुम्ही.”

आई व्हरांड्यात सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो. मी खाली बसलो आणि सांगितलं. मुलीने काय बजावलं होतं, डीजे काय म्हणाला, मी काय काढून टाकलं, आणि नंतर किती वेळा खोटं बोललो. तिची बोटं डाळीतले खडे वेचत राहिली. मी संपवल्यावर तिने वेचलेले खडे अंगणात टाकले.

मग म्हणाली, “बाकीच्यात काय हाय?”

मी खिशातून मोबाइल काढला. तिने हात वर केला. “आवाज नको. तुम्ही सांगा.”

मुलगी दाराच्या चौकटीशी येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा मीच सांगितलं. मला गाता येत नाही, आणि गायचंही नव्हतं. बातमी वाचावी तसं एकेक ओळ म्हणत गेलो. सासरची. नखांची. तिसरं कडवंही म्हटलं. मग चौथं. खोटं बोलली मी बाई, माय दूर होती. एक बोट नाही तिचं पोरीच्या अंगावर.

आईने सूप खाली ठेवलं.

“एक बोट नाही म्हनता,” ती म्हणाली. “अख्खा हात लावला होता म्या.”

मला काही कळलं नाही. दारातली मुलगी हलली.

“हळदीच्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी, सूर्य निघायच्या आधी. सगळे निजले होते. पाटा धुवायचा राह्यला होता, पाट्याले हळद लागून होती. ते घेतली. पोरगी निजली होती. तळपायाले लावली, कोनाले दिसू नये म्हनून. दोन्ही पायाले.” तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. “अन् दुसऱ्या वर्षी गेली.”

“आई, ते तापानं गेली,” मुलगी म्हणाली.

“डॉक्टर बी तेच म्हने.”

“तापानंच गेली ना आई.”

आई माझ्याकडे वळली, मुलीकडे नाही. “मांडवात ते गानं वाजलं तवा मले वाटलं, इनं पाह्यलं होतं. तवाच निजल्याचं सोंग घेऊन पडली होती अन् पाह्यलं होतं. अन् आता साऱ्या गावाले सांगून राह्यली.”

मुलगी खाली बसली. आईच्या शेजारी नाही, सुपाच्या पलीकडे. “म्या काही पाह्यलं नव्हतं,” ती म्हणाली. “म्या तं तुह्यासाठी लिहिलं होतं.”  मग तिने सूप स्वतःकडे ओढलं आणि खडे वेचायला लागली. मी उठलो. चहा घेऊन जा, असं कोणी म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं.

रस्त्याने येताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. सुटीतली एखादी दुपार, घरात दोघीच, मुलगी पूर्ण गाणं गाऊन दाखवते आहे, आणि चौथ्या कडव्यानंतर आई तिला, फक्त तिला, ते तळपायाचं सांगते आहे. कदाचित सांगितलं नसतं. पण सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवलं असतं. ती जागा मी घेतली. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट तिला एका परक्या माणसासमोर बोलावी लागली, आणि तीही ज्याने तिचा तमाशा केला त्याच्यासमोर.

डीजेला मी सांगितलं. त्याने आपल्या गाडीवरून गाणं काढलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, “दादा, मले आधी सांगतलं असतं तं.” त्याला आधी सांगितलंच होतं, पण मी वाद घातला नाही. बाकीच्या गाड्यांवर, हजारो मोबाइलवर ते आहेच. यंदाही आहे. परवा आमच्याच गल्लीत एका हळदीला ते वाजलं. मांडवाच्या कडेला एक बाई पांढऱ्या साडीत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, आठही गाणी. पुसू का, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, राहू द्या. देऊ का, असं विचारलं तर म्हणाली, नको. ती अजून त्याच शाळेत शिकवते. गात नाही. दोघी आता बोलतात, हे माझ्या बायकोने बाजारात पाहिलं. काय बोलतात ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही.

हे लिहून झालं तेव्हा मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. छापायच्या आधी दोघींना बसवून वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. छापू नका म्हणाल्या असत्या तर छापलं नसतं. मुलगी म्हणाली, “नाव नका टाकू कोनाचं.”  आईने एक ओळ काढायला लावली. ती इथे नाही.